सुरुवातीलाच जीव टांगणीला

घरात कुकर लावलेला असतो. दोन शिट्ट्या झालेल्या असतात आणि ‘तिसरी झाली की गॅस बंद कर रे’ असं सांगून आई शेजारी गेलेली असते. आपण पुस्तक उघडून बसतो, पण पान काही पुढे सरकत नाही. डोळे अक्षरांवर, कान स्वयंपाकघरात. त्या दोन-तीन मिनिटांत घरात खरं तर काहीच घडत नसतं, आणि तरी आपण निवांत नसतो. थ्रिलर सिनेमाच्या सुरुवातीला दिग्दर्शक प्रेक्षकाशी अगदी हेच करतो. कुकर लावतो, आपल्याला सांगून ठेवतो आणि स्वतः शेजारी गप्पा मारायला निघून जातो.

यातलं ‘सांगून ठेवतो’ हे सगळ्यात महत्त्वाचं. कुकर लावलाय हे माहीतच नसतं, तर शिट्टी वाजल्यावर आपण फक्त दचकलो असतो.

हा फरक थ्रिलरसाठीच ओळखल्या जाणाऱ्या आल्फ्रेड हिचकॉक या दिग्दर्शकाने एका साध्या उदाहरणाने सांगितलेला आहे. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोने त्याची प्रदीर्घ मुलाखत घेतली, पुढे तिचं पुस्तक झालं, त्यात हे उदाहरण आहे. माणसं टेबलाभोवती बसून गप्पा मारताहेत आणि एकदम टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, संपलं. आता तोच प्रसंग, त्याच गप्पा, पण बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलंय आणि तो एक वाजता फुटणार हेही त्याला ठाऊक आहे. भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. आता त्याच रटाळ गप्पा प्रेक्षकाला ऐकवत नाहीत. ‘अरे बाबांनो, उठा तिथून!’ असं त्याला ओरडावंसं वाटतं. पंधरा सेकंदांच्या जागी पंधरा मिनिटं मिळाली, आणि खर्च काही वाढला नाही.

मराठीत आपण ‘जीव टांगणीला लागला’ म्हणतो. टांगायचं म्हणजे आधी खुंटी ठोकावी लागते. सिनेमाची पहिली काही मिनिटं ही खुंटी ठोकण्याची.

हिचकॉकचं हे उदाहरण जणू शब्दशः पडद्यावर आणलेली सुरुवात म्हणजे ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची (१९५८). सिनेमा सुरू होतो तोच हाताच्या क्लोजअपवर. हातात बॉम्ब. बोटं टायमरचा काटा फिरवतात, सुमारे तीन मिनिटांवर. मग तो माणूस सावलीसारखा धावत जातो, एका उघड्या मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि पसार होतो. एक श्रीमंत माणूस आणि त्याची मैत्रीण येतात, गाडीत बसतात, गाडी सुरू. कॅमेरा क्रेनवरून वर उचलला जातो, छपरांवरून जातो, पुन्हा खाली रस्त्यावर येतो. गाव मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरचं (चित्रीकरण मात्र कॅलिफोर्नियातल्या व्हेनिसमध्ये झालेलं). रात्र, बार, दिव्यांच्या पाट्या, फेरीवाल्यांच्या गाड्या. आणि या सगळ्यात कुठेही कट नाही. तीन मिनिटांहून थोडा जास्त वेळ एकच शॉट.

कट नसण्याचं कौतुक बहुतेक लोक ‘केवढं अवघड काम!’ म्हणून करतात. ते खरंच, पण त्याचा उपयोग काय हे बघायला हवं. कट झाला की आपल्याला नकळत सूट मिळते: मधला काही वेळ गाळला असेल, घड्याळ पुढे-मागे झालं असेल. इथे सूट नाही. पडद्यावरचा सेकंद आणि आपल्या मनगटावरचा सेकंद एकच. काटा तीन मिनिटांवर लावलाय तर तीन मिनिटं आपल्यालाही पूर्ण काढावी लागणार.

याहून धूर्त गोष्ट पुढे आहे. थोड्या वेळाने कॅमेरा गाडीचा नाद सोडतो आणि रस्त्यावरून चालणाऱ्या एका नवविवाहित जोडप्याच्या मागे लागतो. या भूमिकांत चार्लटन हेस्टन आणि जॅनेट ली. दोघं मजेत गप्पा मारत सीमेच्या नाक्याकडे निघालेत. गाडी फ्रेमबाहेर जाते. मग ती पुन्हा येते, कारण वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आलाय. जोडपं पुढे, गाडी मागे. गाडी पुढे, जोडपं मागे. नाक्यावर दोघं एकाच जागी येऊन थांबतात आणि तिथला पहारेकरी ऐसपैस गप्पा मारत उभा. गाडीतली बाई तक्रार करते, ‘माझ्या डोक्यात सारखं टिकटिक वाजतंय.’ कोणी लक्ष देत नाही. मला विचाराल तर सगळ्या शॉटमधली सगळ्यात क्रूर जागा हीच. सत्य उघड्यावर बोललं गेलं, आणि ते ऐकलं फक्त आपण.

गाडी दिसत नाही तेव्हा आपण तिला शोधत असतो. दिसते तेव्हा ती त्या दोघांच्या किती जवळ आहे हे मोजत असतो. दिग्दर्शकाने आपल्याला कामाला लावलंय, आणि कामाला लागलेला प्रेक्षक मोबाईल काढत नाही. अखेर दोघं एकमेकांचं चुंबन घ्यायला वळतात तेव्हा कुठेतरी पलीकडे स्फोट होतो आणि सिनेमातला पहिला कट येतो तो जळत्या गाडीवर.

या शॉटची पुढची कथाही ऐकण्यासारखी आहे. स्टुडिओने वेल्सच्या हातून सिनेमा काढून घेतला आणि या शॉटवर श्रेयनामावली चढवली, वर हेन्री मॅन्सिनीचं झोकदार संगीत. वेल्सने ५८ पानांचं टिपण लिहून आपल्याला काय हवं होतं ते कळवलं. ते फारसं कोणी मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षांनी, १९९८ साली, वॉल्टर मर्च या संकलकाने ते टिपण समोर ठेवून सिनेमा पुन्हा बांधला. नावं काढली, संगीत काढलं. आता तिथे रस्त्याचे आवाज आहेत: एका बारमधला बँड, पुढच्या दारातून दुसरंच गाणं, आणि त्या गाडीचा रेडिओ. आता गाडी फ्रेममध्ये नसतानाही रेडिओवरून कळतं की ती जवळ आली. नावं वाचण्यात आणि संगीताच्या ठेक्यात अडकलेलं आपलं लक्ष मोकळं झालं, ते सरळ बॉम्बकडे गेलं. दोन्ही रूपं पाठोपाठ पाहिली तर तणाव म्हणजे काय यावर वेगळं व्याख्यान लागत नाही.

आता दुसरी तऱ्हा. इथे घड्याळ नाही, बॉम्बही दाखवलेला नाही.

स्टीव्हन स्पीलबर्गच्या ‘जॉज’मध्ये (१९७५) पहिल्यांदा दिसतं ते पाण्याखालचं जग. कॅमेरा समुद्रतळाच्या वनस्पतींमधून पुढे सरकतोय आणि संगीतकार जॉन विल्यम्सचे ते दोन सुर वाजताहेत, सावकाश, मग भरभर. कोण सरकतंय? सांगितलेलं नाही. मग एकदम किनाऱ्यावरची शेकोटी, तरुण पोरं-पोरी, गाणी. एक मुलगी रात्रीच्या समुद्रात पोहायला उतरते, तिच्या मागे निघालेला मुलगा इतका प्यालेला की कपडे काढता काढता वाळूतच आडवा होतो. कॅमेरा पुन्हा पाण्याखाली, वर तिचे पाय. तेच सुर. पुढे जे होतं त्यात शार्क एकदाही दिसत नाही. दिसते ती फक्त मुलगी, इकडून तिकडे ओढली जाणारी. ती घंटा लावलेल्या तरंगत्या बोयाला धरते, घंटा वाजते, आणि मग ती खाली जाते. समुद्र होता तसा शांत. किनाऱ्यावर तो मुलगा डुलक्या घेतोय.

यंत्राचा शार्क खाऱ्या पाण्यात धड चालत नव्हता, त्यामुळे स्पीलबर्गला तो शक्य तितका लपवावा लागला, हे आता सर्वांना माहीत आहे. पण नड होती म्हणून सुचलेल्या युक्तीतून त्याने काय मिळवलं? एक नियम शिकवला. हे दोन सुर म्हणजे शार्क. पहिल्या पाच मिनिटांत आपण तो इतका पक्का शिकतो की पुढे शार्क दाखवायची गरजच उरत नाही, सुर पुरतात. आणि तो नियम पाळतोही: पुढे दोन पोरं शार्कच्या पाठीवर असतो तसा पुठ्ठ्याचा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा संगीत नाही. शाळेतल्या बाई पहिल्या दिवशी वर्गाचे नियम सांगतात तशी चांगली सुरुवात सिनेमाचे नियम सांगते, फक्त सांगतेय हे कळू देत नाही.

नियम संगीताचाच असतो असं नाही. कधी तो एका पाटीत असतो. हिचकॉकच्या ‘सायको’मध्ये (१९६०) शहराच्या दृश्यावर अक्षरं येतात: फिनिक्स, ॲरिझोना. शुक्रवार, ११ डिसेंबर. दुपारचे २ वाजून ४३ मिनिटं. शहर कळलं, वार कळला, पण ४३ मिनिटं कशाला? अडीच म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण अडीच हे गोष्टीतलं असतं आणि २ वाजून ४३ हे पंचनाम्यातलं. वाचताक्षणी वाटतं, याची कुठेतरी नोंद झालेली आहे, म्हणजे नोंद व्हावी असं काहीतरी इथे घडलंय. आणि मग कॅमेरा शेकडो खिडक्यांमधून एक निवडतो, अर्धवट उघड्या पडद्याच्या फटीतून आत शिरतो. आत जेवणाच्या सुट्टीत चोरून भेटलेलं जोडपं. आपण न बोलावता आत शिरलोय, हा अवघडलेपणा सिनेमाभर सुटत नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या सुरुवातीपाशी घालवलाय ती क्वेंटिन टॅरँटिनोच्या ‘इनग्लोरियस बास्टर्ड्स’ची (२००९). वीसेक मिनिटं, जवळजवळ सगळी एका टेबलाशी. १९४१ साल, जर्मनांच्या ताब्यातला फ्रान्स, गाईगुरं असलेलं एक शेतघर. शेतकरी कुऱ्हाडीने लाकडं फोडतोय, मुलगी दोरीवर चादर वाळत घालतेय. ती चादर बाजूला करते आणि दूर वळणावर लष्करी गाडी दिसते. गाडी यायला वेळ लागतो, आणि तो वेळ टॅरँटिनो कापत नाही. शेतकरी तोंड धुतो. आपण त्याच्यासोबत वाट बघतो.

कर्नल हान्स लांडा येतो (क्रिस्टोफ वॉल्ट्झ). अतिशय सभ्य. घराचं कौतुक, मुलींचं कौतुक. दारू नको म्हणतो, दूध मागतो. घटाघटा एका दमात पितो आणि त्याचंही कौतुक करतो. खिशातून कागद काढतो, शाईचं पेन भरतो, टेबलावर सगळं नीट मांडतो. आपल्याकडे तहसील कचेरीत कारकून फाईल उघडून चष्मा पुसत बसतो आणि समोरच्याचा जीव खालीवर होतो, तसं. लांडा आवाज चढवत नाही. त्याला घाई नाही, यातच त्याची सत्ता दिसते. जो दुसऱ्याला ताटकळत ठेवू शकतो तोच साहेब.

सुरुवातीला दोघं फ्रेंचमध्ये बोलतात. मग लांडा म्हणतो, माझं फ्रेंच आता संपलं, तुम्हाला इंग्रजी येतं ना, इंग्रजीत बोलू या. थिएटरात लोक हसतात. वाटतं, अमेरिकन प्रेक्षकांना सबटायटल वाचायला नकोत म्हणून केलेली ही सोय. आपणही ती सोय मुकाट्याने स्वीकारतो. पुढे कळतं की सोय आपली नव्हती, लांडाची होती.

संभाषण जवळच्या एका ज्यू कुटुंबाकडे वळतं. कोण कोण होतं घरात, वयं काय, लांडा टिपून घेतोय. कॅमेरा टेबलाभोवती फिरतो आणि मग सावकाश खाली उतरतो. शेतकऱ्याच्या पायापाशी, फळ्यांच्या जमिनीपाशी, आणि जमिनीच्याही खाली. फळ्यांच्या फटीतून येणाऱ्या उजेडात ते कुटुंब निजून आहे, तोंडावर हात दाबून.

हिचकॉकचा बॉम्ब टेबलाखाली होता, इथे माणसं आहेत. पण बघा, टॅरँटिनोने ते सुरुवातीला दाखवलं नाही. आधी काही मिनिटं आपण लांडाइतकेच, किंवा लांडाहून कमी, जाणत होतो. नुसता संशय होता. कॅमेरा खाली गेल्यावर आपण एका क्षणात शेतकऱ्याच्या बाजूला आलो, त्याचं गुपित आपलं झालं. आता लांडा काहीही विचारो, उत्तर जणू आपल्यालाच द्यायचंय. आणि जी इंग्रजी विनोद वाटली होती तिचा अर्थ आता लागतो: खाली लपलेल्यांना ती कळत नाही. शेतकऱ्याचा धीर सुटेपर्यंत लांडा इंग्रजीत बोलतो, आणि मग पुन्हा गोड फ्रेंचमध्ये, जणू निरोप घेतोय अशा थाटात, सैनिकांना आत बोलावतो.

एवढ्या वेळात त्या घरात आरडाओरडा नाही, झटापट नाही. मध्येच लांडा पाईप काढतो, शेतकऱ्याच्या साध्या पाईपसमोर हा भलाथोरला. हसू येतं, आणि येतं म्हणूनच अंगावर काटा येतो. ताण फार वेळ एकाच पट्टीत ठेवला तर माणूस त्याला सरावतो, मग मध्येच थोडा सैल सोडून पुन्हा आवळावा लागतो. तंबोऱ्याची तार जुळवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

आवाजाविषयी मात्र थोडं सांगायला हवं, कारण तो आपल्याला फसवतो तेव्हा कळतही नाही. वर ज्या वॉल्टर मर्चचं नाव आलं, त्यानेच फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या ‘द कॉन्व्हर्सेशन’चं (१९७४) ध्वनिकाम केलं होतं. सॅन फ्रान्सिस्कोचा भर दुपारचा चौक, वरून दिसणारी गर्दी, आणि कॅमेरा अगदी हळूहळू जवळ जातोय. कोणाकडे, ते कळत नाही. मधूनच कानावर एक चमत्कारिक खरखर येते, यंत्र गुरगुरल्यासारखी. प्रोजेक्टर बिघडला की काय असं वाटावं अशी. बऱ्याच वेळाने उलगडतं की कोणीतरी दूरच्या मायक्रोफोनने एका जोडप्याचं बोलणं चोरून टिपतंय आणि आपण ऐकत होतो तो त्या टेपचा आवाज. म्हणजे धोका आपण आधी कानाने ओळखला, डोळ्यांनी नंतर.

आणि कुकरचं म्हणाल तर तोही खराखुरा सापडतो. वेस क्रेव्हनच्या ‘स्क्रीम’मध्ये (१९९६) अभिनेत्री ड्रू बॅरीमोर एकटी घरी, फोनवर अनोळखी माणूस, आणि गॅसवर पॉपकॉर्नचं फॉइलचं भांडं. बोलणं गोडीगुलाबीचं असतं तेव्हा दाणे एखाद-दुसरे फुटत असतात. बोलणं बिघडत जातं तसं भांडं फुगत जातं. वेगळ्या घड्याळाची गरजच नाही. शिवाय पोस्टरवर जिचा चेहरा तीच पहिल्या काही मिनिटांत मारली जाते. इथे शिकवलेला नियम असा, की या सिनेमात कोणालाही संरक्षण नाही.

मराठीत मला आठवते ती निशिकांत कामतच्या ‘डोंबिवली फास्ट’ची (२००५) सुरुवात. त्याला रूढ अर्थाने थ्रिलर म्हणावं का यावर वाद घालता येईल. माधव आपटे (संदीप कुलकर्णी) या बँकेतल्या माणसाचा दिवस: उठणं, आवरणं, लोकल, बँक, पुन्हा लोकल, घर. मग तेच. मग पुन्हा तेच. यात बॉम्ब कुठेय? तो माणूसच बॉम्ब आहे. आणि मुंबईत लोकलने ये-जा करणाऱ्याला काटा किती मिनिटांवर लावलाय हे सांगायची गरज नाही.

आता थोडी भडास. हल्ली दर दुसऱ्या वेब सिरीजची सुरुवात एकसारखी असते. पाऊस, जंगल, धावणारी मुलगी, धापा, किंकाळी, पडदा काळा, आणि मग पाटी: ‘तीन महिन्यांपूर्वी’. शेवटाजवळचा तुकडा उचलून पुढे चिकटवला की झालं, असा समज आहे. पण ती मुलगी कोण हे मला माहीत नाही, तिला काय माहीत नाही हेही माहीत नाही, मग मी कशाची वाट बघू? वर पार्श्वसंगीत एवढं मोठं की शेजारचे दार वाजवतील. हा कुकर नव्हे, नुसतीच शिट्टी. थिएटरातही अडचणी कमी नाहीत म्हणा. तंबाखूची सूचना संपते न संपते तोच मोबाईलचा टॉर्च पाजळत कोणीतरी ‘एच रो कुठेय?’ विचारत येतं, आणि दिग्दर्शकाने महिनाभर राबून रचलेला पहिला शॉट समोशाच्या पिशवीआड जातो.

अशा प्रेक्षकाचीही सोय श्रीराम राघवनने ‘अंधाधुन’मध्ये (२०१८) करून ठेवली. एक मिश्कील ओळ येते, आयुष्य म्हणजे काय, तर ते ‘लिव्हर’वर अवलंबून आहे (इंग्रजीत ‘लिव्हर’ म्हणजे यकृतही आणि जगणाराही). मग कोबीचं शेत. एक ससा कोबी खातोय, बंदूक घेतलेला माणूस त्याच्या मागावर. नेम, बार, ससा पळतो. प्रसंग पुरता उमगण्याआधीच तुटतो आणि आपण पुण्यात, पियानोपाशी पोचतो. यात बॉम्ब दाखवलेला नाही, घड्याळ नाही, कोणाचं गुपितही आपल्याला कळलेलं नाही. हातात फक्त एक ससा दिलाय. सिनेमा पुढे इतक्या गिरक्या घेतो की आपण त्याला विसरूनही जातो, पण तो मागे कुठेतरी, कोबीच्या ओळींमध्ये, पळतच असतो. मी दुसऱ्यांदा बघायला बसलो तेव्हा शेजारी भाचा होता, त्याने सिनेमा पाहिलेला नव्हता. पाचव्या मिनिटाला त्याने विचारलं, ‘मामा, त्या सशाचं काय झालं?’ मी म्हटलं, गप्प बस आणि बघ.